परीक्षा पोरांची, पगार मास्तरांचा

 

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज लढाई नाही. आज बोलायचं आहे प्राथमिक शाळेतल्या परीक्षेबद्दल. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेबांचा हा विषय कधीपासून झाला? तर त्याला एक छोटीशी घटना कारण आहे.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. जवळच्या एका खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत आठवड्यातून दोन दिवस जातो. मुलांना गणित शिकवतो, गोष्टी सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीला मी हिंदीचा धडा वाचायला सांगितला. तिने तो असा काही घडाघडा वाचला की मी खूश झालो. मग तिचं लक्ष पुस्तकाकडे नाही, खिडकीबाहेर आहे, असं मला दिसलं. मी पानावर हात ठेवला. ती वाचतच राहिली. मी पान उलटून दुसराच धडा समोर धरला. ती पहिलाच धडा "वाचत" होती. धडा संपला आणि तिने हसून विचारलं, "दादाजी, आगे?"

पंधरा दिवसांनी त्या शाळेत वरून चाचणी घ्यायला लोक येणार होते. कोणता धडा विचारतील याचा अंदाज बांधून तेवढे धडे पाठ करून घेतले होते. मला राग आला. पण घरी येऊन विचार केला, आणि वाटलं की हे आपण कुठेतरी वाचलंय. अगदी असंच, पुस्तकाकडे न बघता वाचणारी मुलं. खेडं मात्र माळव्यातलं नव्हतं, इंग्लंडमधलं होतं, आणि काळ दीडशे वर्षांपूर्वीचा. आज तीच गोष्ट सांगतो.

"स्टँडर्ड" शब्दाची जन्मकथा

आपल्याकडे नातवाला विचारलं, "कितवीत रे तू?" तर तो म्हणतो, "थर्ड स्टँडर्ड." आता स्टँडर्ड म्हणजे खरं तर मोजमापाची ठरलेली पातळी, प्रमाण. इयत्तेला हा शब्द का लागला? कारण इंग्लंडच्या शाळांत सरकारने एकदा मुलांची सहा प्रमाणं ठरवली, पहिलं ते सहावं, आणि प्रत्येक मूल त्या मापाला उतरतं का ते तपासून त्याप्रमाणे शाळेला पैसे दिले. माप गेलं, पैसे गेले, शब्द तेवढा राहिला.

हे घडलं १८६२ साली. त्याआधीची परिस्थिती थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळा मुख्यतः चर्चच्या संस्था चालवत. सरकारने १८३३ साली त्यांना पहिल्यांदा मदत दिली, २० हजार पौंड. ती वाढत वाढत १८६१ पर्यंत सुमारे ८ लाख १३ हजार पौंडांवर गेली. दरम्यान क्रिमियाचं युद्ध होऊन गेलं होतं, खजिन्यावर ताण होता. युद्धानंतर काटकसर आली की पहिली नजर कुठे जाते हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको.

१८५८ साली ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. तीन वर्षांनी त्याचा अहवाल आला. त्याचं म्हणणं असं की शाळांतल्या जेमतेम चौथाई मुलांना चांगलं शिक्षण मिळतं. वरच्या वर्गांकडे मास्तर लक्ष देतात, खालच्या वर्गांतली पोरं तशीच राहतात आणि लिहायला-वाचायला न शिकताच कामाला लागतात. आयोगाने सुचवलं, प्रत्येक मुलाची परीक्षा घ्या आणि अनुदानाचा काही भाग तिच्याशी जोडा.

ही सूचना हाती घेतली रॉबर्ट लो यांनी. शिक्षणाचा कारभार तेव्हा त्यांच्याकडे होता. हुशार, तिखट जिभेचे गृहस्थ. दृष्टी जन्मापासून अधू, तरी ऑक्सफर्ड गाजवलेले. त्यांनी पार्लमेंटला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: ही पद्धत स्वस्त पडली नाही तर परिणामकारक ठरेल, आणि परिणामकारक ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल. दोन्हीकडून फायदाच.

दोन शिलिंग आठ पेन्स

आता हिशोब बघा, कारण सगळी गोष्ट या हिशोबात आहे.

सरासरी हजेरीवर दर मुलामागे वर्षाला ४ शिलिंग. सहा वर्षांवरचं मूल वर्षात दोनशेपेक्षा जास्त वेळा हजर असेल, सकाळ एक वेळ आणि दुपार एक वेळ धरून, तर त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. पण हे ८ शिलिंग परीक्षेवर अवलंबून. परीक्षा तीन विषयांची: वाचन, लेखन, अंकगणित. मूल एका विषयात नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले. तिन्हींत नापास, की आठच्या आठ गेले.

सहा वर्षांवरची शंभर मुलं असलेली एक खेड्यातली शाळा धरा. सगळी मुलं सगळ्यात पास झाली तर वर्षाचे ६० पौंड. त्यातले ४० पौंड, म्हणजे दोन तृतीयांश, निरीक्षक साहेब ज्या दिवशी येणार त्या एका दिवसावर. आधी सरकारच्या मदतीचा काही भाग प्रशिक्षित शिक्षकाला थेट मिळे. आता सगळे पैसे शाळेच्या चालकांकडे जाणार, आणि मास्तरने आपल्या पगाराचं त्यांच्याशी ठरवून घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी पगाराचा काही हिस्सा अनुदानावरच ठरला. म्हणजे परीक्षा पोरांची आणि पगार मास्तरचा.

सहा प्रमाणं काय होती तेही सांगतो. पहिल्या प्रमाणात मुलाने छोट्या छोट्या एकाक्षरी शब्दांचा मजकूर वाचायचा, अक्षरं काढायची, वीसपर्यंत आकडे ओळखायचे आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी करायची. सहाव्या प्रमाणात वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचायचा, तसाच एक ऐकून लिहायचा आणि बाजारहाटाच्या बिलाचा हिशोब मांडायचा. वाचताना यात काही वावगं वाटत नाही. आपलंही मूल एवढं शिकावं असंच कुणालाही वाटेल. प्रमाणं वाईट नव्हतीच. गडबड झाली ती त्यांना पैशाचा दोर बांधल्यामुळे.

आणखी एक नियम होता. मूल पास होवो वा नापास, पुढच्या वर्षी त्याला वरच्याच प्रमाणात बसवायचं. त्याच प्रमाणात दुसऱ्यांदा बसवता येणार नाही. म्हणजे जे मागे राहिलं ते दरवर्षी आणखी मागे राहणार.

मग काय झालं

माणसं करतात तेच झालं. ज्याला पैसे मिळतात ते वाढलं, बाकीचं वाळलं.

इतिहास आणि भूगोलाला पैसे नव्हते, म्हणून ते बऱ्याच शाळांतून हळूहळू बाहेर पडले. पुढे १८६७ पासून सरकारला वेगळे पैसे देऊन जादा विषय परत आणावे लागले. वाचनाचं पुस्तक ठरलेलं, म्हणून मुलांकडून ते वर्षभर पाठ करून घेतलं गेलं. पुस्तक उलटं धरून अस्खलित "वाचणाऱ्या" मुलांच्या गोष्टी त्या काळच्या निरीक्षकांच्या आठवणींत येतात. माझ्या महूच्या नातीची ही इंग्रज भावंडं.

परीक्षेच्या दिवशी मूल गैरहजर तर पैसे बुडाले. म्हणून आजारी मुलंही आणली गेली. डांग्या खोकल्याची ढास लागलेली मुलं, अंगावर देवीचे फोड असलेली मुलं, आईच्या मांडीवर किंवा शेगडीजवळच्या स्टुलावर गुंडाळून बसवलेली मुलं पाहिल्याचं एका निरीक्षकाने सरकारी अहवालात नोंदवून ठेवलं आहे.

याच नियमावलीने प्रत्येक शाळेला एक लॉगबुक ठेवायला लावलं. मास्तरने त्यात नियमित नोंद करायची; पण स्वतःची मतं, विचार त्यात लिहायचे नाहीत, असा स्पष्ट नियम. आमच्या फौजेतल्या ड्यूटी रजिस्टरसारखंच. तरी त्या कोरड्या नोंदींतून बरंच दिसतं: कापणी सुरू, मुलं शेतावर. बटाटे काढणी, वर्ग रिकामा. पाऊस, पायांत बूट नाहीत. म्हणजे ज्या कारणांनी मूल नापास होणार होतं त्यांतली निम्मी शाळेच्या भिंतीबाहेरची, आणि दंड मात्र भिंतीच्या आतल्या माणसाला.

आणि सरकारचा फायदा? १८६१ चे ८ लाख १३ हजार पौंड १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले. लो साहेबांच्या दोन आश्वासनांपैकी स्वस्ताईचं तरी खरं ठरलं.

या सगळ्याविरुद्ध आतून बोलणारा एक माणूस होता, मॅथ्यू अर्नोल्ड. कवी आणि समीक्षक म्हणून तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल, पण पोटापाण्यासाठी त्यांनी ३५ वर्षं, १८५१ ते १८८६, शाळा निरीक्षकाची नोकरी केली. ज्या खात्याचा पगार घेत होते त्याच्याच अहवालांत ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले की ही पद्धत शिकवणं यांत्रिक करून टाकते. त्यांचा मुद्दा फार साधा होता: वाचता, लिहिता, हिशोब करता न येताही मुलाला वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेत पास करून दाखवता येतं. निरीक्षक आणि मास्तर यांच्यात एक खेळ सुरू होतो, आणि त्यात मास्तर जिंकायला शिकतो, कारण त्याला शिकावंच लागतं.

त्यांच्यानंतर एडमंड होम्स. हे तर प्राथमिक शाळांचे मुख्य निरीक्षक झाले. उमेदीची वर्षं याच परीक्षा घेण्यात गेलेली. निवृत्तीनंतर १९११ साली पुस्तक लिहून त्यांनी जाहीरपणे कबूल केलं की आम्ही चुकलो. खातं मास्तराशी जसं वागलं तसंच मास्तराला मुलाशी वागणं भाग पडलं, हे त्यांचं निदान. हुकूम वरून खाली येतो आणि शेवटच्या पायरीवर आठ वर्षांचं पोर उभं असतं.

१८९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. तोवर तीसेक वर्षांत मुलांच्या कितीतरी पिढ्या तिच्याखालून गेल्या.

पुण्यातला साक्षीदार

इंग्लंडातली औषधं हिंदुस्थानात यायला फार वेळ लागत नसे. १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याच्यापुढे पुण्याच्या एका गृहस्थांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये लेखी निवेदन दिलं. ते होते महात्मा जोतीराव फुले. या निवेदनातली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आपल्याला माहीत असते. पण निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दलही त्यांनी तिथे लिहिलं आहे, ते फारसं सांगितलं जात नाही.

त्यांचं म्हणणं असं: ज्या गरीब, अशिक्षित समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. अशा वस्तीत निकालाच्या भरवशावर शाळा काढायला कोण मास्तर जाईल? त्याचं पोटच भरणार नाही. तिथे सरकारनेच शाळा काढल्या पाहिजेत आणि मुलांना उत्तेजन दिलं पाहिजे.

किती नेमकं बोट ठेवलंय बघा. अर्नोल्ड म्हणाले, या पद्धतीने शिकवणं बिघडतं. फुले म्हणाले, या पद्धतीने शाळा तिथेच जाणार नाही जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे. मास्तर शहाणा असेल तर ज्यांची घरं आधीच लिहिती-वाचती आहेत त्यांच्या आळीत शाळा काढेल. हे त्यांना दिसलं, कारण १८४८ पासून त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, तेही कुणाला नको असलेल्या मुलामुलींसाठी.

आणि फुले तपासणीच्या विरोधात होते का? बिलकूल नाही. उलट वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबाचा काही उपयोग नाही, तिमाही तरी तपासणी करा, आणि मधूनमधून न कळवता जा, असं त्यांनी त्याच निवेदनात सुचवलंय. शिवाय मास्तरचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही. म्हणजे पगार पक्का ठेवा आणि तपासणी वारंवार करा.

आयोगाने शेवटी शिफारस केली ती अशी की प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरावी. मागासलेल्या भागांतल्या शाळांपुरता अपवाद करता येईल. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झनच्या काळात, आपल्याकडेही ही पद्धत मागे पडली.

माझी पेन्सिल

आता एक कबुली देतो. कारण आतापर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मास्तर लबाड असतात.

१९८० च्या दशकात मी नुकताच कॅप्टन झालो होतो. वार्षिक फायरिंगच्या चाचणीचे दिवस. तेव्हा आमच्याकडे ७.६२ ची एसएलआर रायफल होती. कंपनीचा निकाल माझ्या नावावर वर जाणार होता. निकाल लागला, आणि फारच उत्तम लागला. संध्याकाळी मी सहज बट्सकडे, म्हणजे टार्गेटच्या खंदकाकडे, चक्कर मारली. टार्गेट जवळून पाहिलं. काही भोकांच्या कडा गोळीसारख्या नव्हत्या. खाली वाळूत एक पेन्सिल पडली होती. पेन्सिलीची जाडी गोळीच्या जवळपासच असते, मंडळी.

भोकं पाडणारा जवान लबाड नव्हता. त्याला माहीत होतं की साहेबांचा निकाल चांगला यायला हवा. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावर आठ दिवस दिसत होतं. मी पेन्सिल खिशात घातली आणि निकालावर सही केली. पुढच्या वर्षी आम्ही सीमेवर गेलो. तिथे पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी कंपनीला पुन्हा नेम धरायला शिकवत होतो, आणि का शिकवतोय हे कुणालाच सांगू शकत नव्हतो. नशीब, तेवढा वेळ मिळाला.

म्हणून त्या तिसरीच्या बाईंवर मी ओरडलो नाही.

ट्रायाज

ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. अमेरिकेत २००२ साली एक कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यायची, २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं ठरलेल्या पातळीवर आली पाहिजेत, आणि मागे पडलेल्या शाळांवर कारवाई. शंभर टक्के कुठेच झाले नाहीत, आणि २०१५ साली तो कायदा बदलावा लागला.

पण मधल्या काळात काय झालं? टेक्सासमधल्या एका प्राथमिक शाळेचा एका संशोधिकेने अभ्यास केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. तिला आढळलं की शाळेने मुलांचे तीन गट पाडले होते: नक्की पास होणारी, थोड्या धक्क्याने पास होतील अशी, आणि होणारच नाहीत अशी. सगळी मेहनत मधल्या गटावर. तिने याला शब्द वापरला ट्रायाज.

हा शब्द आमचा. रणांगणावर जखमी खूप आणि डॉक्टर दोन असतात तेव्हा कुणाला आधी हात लावायचा हे ठरवण्याची पद्धत. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद लॅरे यांनी तिची शिस्त बसवली आणि हुद्दा न बघता ज्याची जखम सर्वांत गंभीर त्याला आधी घ्यायचं ठरवलं. शाळेतल्या ट्रायाजमध्ये उलट झालं. ज्याची जखम मोठी त्यालाच बाजूला ठेवलं, कारण तो आकड्याच्या कामाचा नव्हता.

अटलांटा शहरात तर याच्याही पुढे गेलं. २००९ च्या परीक्षेत उत्तरपत्रिकांवर खाडाखोड करून चुकीची उत्तरं बरोबर केलेली सापडली. राज्याच्या चौकशीत ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळला, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, आणि २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. माझ्या जवानाकडे पेन्सिल होती, यांच्याकडे खोडरबर.

मग मोजायचंच नाही का?

असं मी मुळीच म्हणत नाही. लो साहेबांचा एक प्रश्न खरा होता: शेवटच्या बाकावरच्या पोराला वाचता येतं का? तो प्रश्न त्यांच्या आधी कुणी एवढ्या ठासून विचारला नव्हता, आणि आपणही तो विचारलाच पाहिजे.

आपल्याच देशात तो विचारण्याचा एक चांगला नमुना आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. स्वयंसेवक खेड्यात जातात, शाळेत नाही, घरी. ओसरीवर बसून मुलासमोर एक कागद धरतात: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, एक गोष्ट. ते मूल एकेकटं वाचतं. त्यातून वर्षानुवर्षं एक कटू चित्र दिसतं की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. हा आकडा मला खरा वाटतो, कारण तो खोटा करण्यात कुणाचाच फायदा नाही. कोणत्याही मास्तरचा पगार त्यावर नाही, कोणत्याही शाळेचं नाव त्यात नाही.

थर्मामीटर आणि छडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. थर्मामीटरने मारायला लागलात की पोरं ताप लपवायला शिकतात. इतिहास एवढंच सांगतो.

तेव्हा तुमच्या मुला-नातवंडांच्या शाळेचा निकाल हातात आला की दोन प्रश्न विचारा. एक, हा आकडा वाढला तर कुणाला काय मिळतं आणि घटला तर कुणाचं काय जातं? दोन, जे मूल सर्वांत मागे आहे त्याच्यासाठी या वर्षी काय केलं? दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर पहिला आकडा कितीही गोड असो, त्यावर भुलू नका.

आणि एक काम स्वतः करा. घरातल्या किंवा शेजारच्या पोराला जवळ घ्या आणि त्याने कधीच न पाहिलेला मजकूर वाचायला द्या. आमच्या त्या मुलीला मी आता धडा देत नाही. बिस्किटाच्या पुड्याचा कागद देतो, जुन्या कॅलेंडरचं पान देतो, कधी बसच्या तिकिटाची मागची बाजू. पाठ करता येणार नाही असं काहीतरी. ती आता पाचवीत आहे. घडाघडा वाचत नाही, अडखळते, बोट ठेवून एकेक शब्द लावते. पण बोट कागदावर असतं आणि नजरही.

ती पेन्सिल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर जाऊ. तोवर जय हिंद.